मालकाचं उत्तर: "लापशीचे 8,100 रुपये" या रिव्ह्यूबद्दल

भाऊ, नमस्कार.

तुमची घोडी आमच्या तबेल्यात सांभाळायला होती, त्याबद्दल एक स्टार दिलात, वाचलं. आधी माफी मागतो. भिजवलेल्या खाद्याचे, म्हणजे लापशीचे, रोजचे 90 रुपये वेगळे लागतील, हे घोडी आणली त्याच दिवशी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. आम्ही चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, तुमचा अंगठा आला आणि तोच आम्ही होकार धरला. चूक आमची. दरपत्रकाचं काहीतरी करतोच आहोत.

पण "चारा वाचवायला पातळ लापशी पाजली, तिचेच पैसे लावले आणि घोडी हाडकुळी करून दिली" हे वाक्य नागपुरातले वरातीचे घोडीवाले, रायडिंगवाले सगळे वाचतात. पोट त्यांच्यावरच आहे आमचं. म्हणून लापशीचं नीट सांगतो. जरा लांबेल.

फॉर्मवर तुम्ही वय 16 लिहिलं. घोड्याचं वय तोंडात लिहिलेलं असतं. वरच्या जबड्यात पुढच्या दातांपैकी अगदी कडेचा जो दात, त्यावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. मग हिरडीकडून पुसत जाते आणि पंचविशीत खालची अर्धीच उरते. तुमच्या घोडीची जवळजवळ अर्धी पुसलेली आहे, म्हणजे वय चोवीसच्या आसपास. काही वर्षं इकडेतिकडे होतात या हिशोबात, पण सहसा आठ होत नाहीत.

वयाला एवढं महत्त्व का, तर घोड्याची दाढ आयुष्यभर झिजते आणि तेवढीच खालून वर येत राहते, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. विशी ओलांडली की खालचा साठा संपत येतो. दाढेवरच्या धारा जाऊन ती गुळगुळीत होते, दोन दाढांमध्ये फटी पडून त्यात चारा कुजतो. मग जनावर घास तोंडात घेतं, चघळतं आणि ओला गोळा करून टाकून देतं. पहिले तीन दिवस आम्ही तुमच्या फॉर्मवर विसंबून कोरडी कुट्टी आणि आख्खे चणे दिले. गव्हाणीखाली असे गोळे पडलेले, आणि लिदेत चणे जसेच्या तसे. असा न चावलेला चारा पोटात गेला तर मोठ्या आतड्याच्या वळणावर जाऊन बसतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलं ते पुढेच जायला हवं.

आता लापशीत काय होतं ते. लसूणघासाची (ल्यूसर्न चाऱ्याची) वाळवलेली बारीक कुट्टी अडीच किलो, वाळल्या गवताची कुट्टी दोन किलो, जवाचा भरडा एक किलो, गव्हाचा कोंडा अर्धा किलो, उकळलेलं जवस 100 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. कोरडं वजन सहा किलोच्या वर. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडं खाद्य लागतं आणि घोडी 320 किलोची. म्हणजे वाचवलं कुठे? कोंडा जास्त घालून पोट भरणं स्वस्त पडलं असतं, पण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, त्याने हाडं पोकळ होतात. लसूणघास ते भरून काढते. महाग आहे ती.

आणि 90 रुपयांतला मोठा वाटा मजुरीचा आहे. दुप्पट पाण्यात तास-दीड तास भिजवायचं, बोटांनी दाबलं की चुरा व्हायला हवं. एप्रिल-मेत सकाळी भिजवून संध्याकाळी देता येत नाही, दोन-तीन तासांत आंबतं. आंबलेलं पोटात गेलं की पुन्हा पोटशूळ. म्हणून पहाटे पाच, सकाळी अकरा, दुपारी चार, रात्री नऊ, असं चार वेळा ताजं भिजवायचं, चारही वेळा बादली घासायची. 14 एप्रिल ते 12 जुलै, नव्वद दिवस. मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा) रात्री नऊला थांबतो तो फुकट थांबत नाही, आणि थांबू पण नये.

हाडकुळी म्हणालात. वजनकाटा आमच्याकडे नाही, टेप आहे. कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, की किलो मिळतात. आली तेव्हा घेर 160, लांबी 148, म्हणजे 319 किलो. गेली तेव्हा घेर 163, म्हणजे 331. नागपूरचा उन्हाळा काढून बारा किलो वाढली. पाठीचा कणा वर दिसतो तो म्हातारपणी पाठीचं मांस उतरतं म्हणून. खाण्याने ते फारसं भरत नाही, हलक्या चालण्याने थोडं भरतं. फोटो मागून, खालून काढला की कोणतीही म्हातारी घोडी तशीच दिसते, भाऊ.

चालण्यावरून आठवलं. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सकाळी अकराला पोरांना फेरी मारू दिली नाही, हा तुमचा दुसरा राग. तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो. घोड्याचं अंग निवांत असताना 37.5 ते 38.5 अंश हवं, आणि म्हातारं जनावर घामाने लवकर निवत नाही. त्या दिवसांत फिरवणं पहाटे सहाच्या आत, पंधरा-वीस मिनिटं, बिनास्वाराचं. बाकी वेळ सावली, पुढ्यात मीठ, दिवसाला 40 लिटरच्या वर पाणी. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकू नये असं जुने लोक म्हणतात, ते खरं नाही. मान, छाती, पोटावर सारखं ओतत राहावं. "ओली उभी करून ठेवली होती" ती याचसाठी.

त्याच दिवशी कुंपणावरून पिशवीभर फुटाणे आणि कोरड्या पोळ्या कोणी दिल्या ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी घास अन्ननलिकेत अडकला, नाकातून लाळ आणि चारा यायला लागला. अशा वेळी तेल किंवा पाणी पाजायचं नसतं, ते फुफ्फुसात जातं. पुढ्यातलं सगळं काढून मान खाली ठेवायची आणि डॉक्टर बोलवायचा. तो खर्च आम्ही तुमच्या बिलात लावला नाही. "प्राण्यांना खाऊ घालू नये" अशी पाटी आधीच होती, आता मोठी करू.

जुलैतला चिखलाचा फोटो मान्य. गेटजवळची जागा भरायची आहे, मुरूम टाकू. ठाण, म्हणजे घोडी बांधायची जागा, कोरडंच होतं. खूर रोज कोरून साफ व्हायचे, तळव्याच्या मधल्या मऊ भागाला काळा वास मारणारा कुजका थर एकदाही आला नाही. तुमच्या नालबंदाला दाखवा.

आता काळजीचं. तुमच्या शेवटच्या फोटोत घोडीपुढे कडब्याची पेंढी आणि कुटार (भुसा) दिसतंय. एक स्टार राहू द्या, पण ते उचला, तिला ते चावता येत नाही. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पाऊस उघडल्यावर घोडमाश्या वाढतात, त्यांच्यापासून सुर्रा नावाचा रक्ताचा आजार होतो. ताप चढउतार करत असेल, पोटाखाली आणि पायांवर सूज असेल तर रक्त तपासून घ्या. दिवाळीच्या आत दाढा दाखवून टोकं घासून घ्या, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. डिसेंबर-जानेवारीत गार पाणी घोडी कमी पिते आणि लीद घट्ट होते, तेव्हा पाणी कोमट द्या. मार्चमध्ये हिवाळी केस झडले नाहीत तर नुसते कापू नका, म्हातारपणी ग्रंथीच्या आजाराची ती खूण असते, आणि त्यात खुरांना सूज येऊन जनावर बसतं. तसं निघालं तर जव बंद.

तिची निळी बादली आणि मिठाचं ढेकूळ इथेच राहिलंय. येऊन घेऊन जा, नाहीतर पोरगा आणून देईल.