‘थेरपिस्ट आमच्याशीच बोलत बसतो’: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

विशेष गरजा असलेल्या लहान मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला सतत पुढे ढकलला जातो. शब्द बदलतात, आशय एकच: थेरपिस्टने मुलाबरोबर काम करायला हवं. तो तुमच्याशी बोलत बसला, तुम्हालाच करायला लावू लागला, तर तो काम टाळतोय, थेरपिस्ट बदला. शिवाय बालवाडीत काही सांगू नका आणि जमतील तेवढे तज्ज्ञ गाठा. एकेक मुद्दा घेऊ.

‘मुलाच्या हक्काचा वेळ पालकांवर वाया जातो’

हिशेब करून बघा. तीन ते पाच वर्षांचं मूल दिवसाला १० ते १३ तास झोपतं. जागेपणाचे साधारण १२ तास धरले तर आठवड्याचे ८४ होतात. ४५ मिनिटांची दोन सेशन्स म्हणजे त्यातले दीड तास. उरलेले साडेब्याऐंशी तास मूल ज्यांच्याबरोबर असतं त्यांच्या हातात काहीच द्यायचं नाही, असं हा सल्ला सांगतो.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. थेरपीच्या खोलीत चित्र दाखवल्यावर ‘बॉल’ म्हणणारं मूल घरी चेंडू पलंगाखाली गेला की नुसतं रडतं. हा हट्ट नव्हे. लहान मूल कौशल्य उचलतं ते त्या जागेसकट, त्या माणसासकट. एका ठिकाणी शिकवायचं आणि बाकी ठिकाणी आपोआप जमेल म्हणून वाट बघायची, या पद्धतीला वर्तनाचे अभ्यासक स्टोक्स आणि बेअर यांनी १९७७ मध्ये ‘शिकवा आणि आशा ठेवा’ असं टोचरं नाव दिलं होतं. पद्धत अजून जिवंत आहे.

‘कोचिंग म्हणजे नुसत्या गप्पा’

पालकांनी मुलाबरोबर करायचं आणि थेरपिस्टने ते बघून पालकांना शिकवायचं, याला कोचिंग म्हणतात. त्याबद्दलची ही तक्रार कधीकधी खरी असते. चाळीस मिनिटं बंद दारामागे काम आणि शेवटची पाच मिनिटं दारात उभ्याउभ्या ‘घरी एवढं करून घ्या’, याला कोचिंग म्हणत नाहीत. अर्धा तास भाषण देणं हेही कोचिंग नव्हे.

लहान मुलांच्या थेरपीतले तज्ज्ञ रश आणि शेल्डन यांच्या मांडणीत कोचिंगचे पाच भाग येतात: मिळून ठरवणं, निरीक्षण, प्रत्यक्ष करून बघणं, त्यावर विचार आणि प्रतिसाद. ४५ मिनिटांत ते असं बसतं. सुरुवातीची पाच-सात मिनिटं गेल्या आठवड्यात काय जमलं, कुठे अडलं. मग पालक मुलाबरोबर नेहमीचं एखादं काम करतात आणि थेरपिस्ट बघतो. हा भाग सर्वांत लांब, वीसेक मिनिटांचा. गरज पडली तर थेरपिस्ट एकदा करून दाखवतो, पण लगेच सूत्रं परत देतो. शेवटी पुढच्या आठवड्यात नेमकं काय, कधी, किती वेळा हे ठरतं.

एक नमुना जवळून बघू. मुलाला पाणी हवंय. आई पेला हातात धरून विचारते, “काय पाहिजे? पाणी? पाणी म्हण. बोल ना, पाणी.” दोन-तीन सेकंदांत चार वाक्यं. मुलाला बोलायला फटच मिळत नाही. कच्चा थेरपिस्ट इथे पेला आपल्या हातात घेतो. मुरलेला विचारतो, “तुमचं बोलणं संपल्यावर तो काय करत होता?” आईला आठवत नाही, म्हणून पुन्हा करून बघतात. या वेळी पेला मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तोंड बंद, मनात पाच आकडे. चौथ्या आकड्याला मूल पेल्याकडून नजर उचलून आईकडे बघतं. तेच त्याचं मागणं. आई “पाणी” म्हणते आणि लगेच देते. पाच आकडे होऊनही काही झालं नाही तर एकदा “पाणी” म्हणायचं आणि द्यायचंच. शब्द येईपर्यंत अडवून धरलं की रडारड होते आणि मूल पेला बघूनच तोंड फिरवू लागतं.

प्रतिसादही नेमका लागतो. ‘छान केलंत’ याने काही कळत नाही. ‘तुम्ही थांबलात, म्हणून त्याने बघितलं’ याने उद्या काय करायचं ते कळतं.

‘याला पुरावा नाही’

आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला तर जास्त उपयोगी आहे. ब्रिटनमधल्या ‘पॅक्ट’ या उपचार-चाचणीत २ वर्षं ते ४ वर्षं ११ महिने वयाची ऑटिझम असलेली १५२ मुलं होती. थेरपिस्ट पालकांबरोबर बसून त्यांच्याच खेळाचा व्हिडिओ बघत, मूल संवाद कुठे सुरू करतंय आणि पालक त्याला कसा प्रतिसाद देतात ते शोधत. २०१० च्या निष्कर्षांत पालकांचा प्रतिसाद स्पष्ट सुधारला होता, पण ऑटिझमच्या लक्षणांत ठाम फरक दिसला नव्हता. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासल्यावर लक्षणांची तीव्रता तुलनेच्या गटापेक्षा, म्हणजे ही थेरपी न मिळालेल्या मुलांपेक्षा, कमी आढळली; ते निष्कर्ष २०१६ मध्ये आले. म्हणजे तीन महिन्यांत चमत्काराचं आश्वासन कोणी देत असेल तर सावध राहा, पण पालकांमार्फत काम होत नाही हे म्हणणं चूक. जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य कार्यक्रमही याच पायावर आहे: ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी.

‘आईने आईच राहावं, थेरपिस्ट होऊ नये’

मान्य. शब्दशः मान्य. म्हणूनच रोज अर्धा तास टेबलावर बसवून कार्डं दाखवा असा गृहपाठ देऊ नये. आठवड्याभरात तो बंद पडतो आणि वर अपराधीपणा उरतो. रोज होणारच असलेल्या कामात एक पायरी घालायची. वेल्क्रोचा बूट घ्या: पट्टा उघडणं, पाऊल घालणं, टाच ओढणं, पट्टा दाबणं. पहिले तीन टप्पे मोठ्या माणसाने करायचे, शेवटचा मुलाने. सलग तीन दिवस न सांगता जमलं की टाचही त्याच्याकडे. शेवटून सुरू केल्यामुळे प्रत्येक वेळी ‘झालं!’ हा क्षण मुलाच्या वाट्याला येतो. पण सकाळच्या धावपळीतला बूट निवडू नका, संध्याकाळी बाहेर पडतानाचा निवडा. एका वेळी दोनच उद्दिष्टं. फ्रिजवर एक कागद, तीन रकाने: स्वतः, मदतीने, नाही. दोन आठवडे खुणा हलल्या नाहीत तर दोष मुलाचा किंवा आईचा नाही. पायरी मोठी आहे किंवा दिवसातून संधीच कमी मिळतेय.

‘बालवाडीत सांगू नका, शिक्का बसेल’

भीती खोटी नाही. पण निदान सांगणं आणि कामाची माहिती देणं वेगळं. ‘खेळ थांबवायच्या दोन मिनिटं आधी सांगितलं आणि पुढच्या कामाचं चित्र दाखवलं तर तो उठतो’ एवढं वाक्य शिक्षिकेला पुरतं. काय कळवायचं ते पालकांनी ठरवावं, थेरपिस्टने परस्पर नव्हे. नुसती कार्यशाळाही पुरत नाही. वर्गात येऊन सोबत केल्याशिवाय शिकलेलं वर्गात फारसं उतरत नाही, हे शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक जॉयस आणि शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं. आणि वीस मुलांचा वर्ग कसा चालतो हे शिक्षिकेला कळतं, थेरपिस्टला नाही. तिला न विचारता केलेली योजना दुसऱ्याच दिवशी कपाटात जाते.

‘जितके तज्ज्ञ तितकं बरं’

एक म्हणतो शब्द येईपर्यंत थांबा, दुसरा म्हणतो खुणा शिकवा, तिसरा म्हणतो आधी नजर. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण मधे सापडतात ते पालक. एकाने मुख्य संपर्क राहावं, बाकीच्यांनी त्याच्यामार्फत सुचवावं आणि उद्दिष्ट सगळ्यांकडे एकाच शब्दांत असावं. ‘संवाद सुधारणे’ असं नको. ‘पाणी हवं असताना पाचपैकी तीन वेळा नजरेने, खुणेने किंवा शब्दाने मागेल, घरी आणि बालवाडीत, सलग तीन दिवस’ असं.

काही कामं मात्र तज्ज्ञांच्याच हातची: गिळताना ठसका लागत असेल तर त्यावरचा उपाय, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) बसवणं, श्रवणयंत्र जुळवणं. तिथे थेरपिस्ट ‘तुम्हीच करून बघा’ म्हणाला तर जरूर हरकत घ्या. एरवी थेरपिस्ट बदलण्याआधी एकच पाहा: सेशन संपवून निघताना, उद्या कोणत्या वेळी नेमकं काय करायचं ते तुम्हाला न बघता सांगता येतंय का.