फॉरईच स्लो आहे म्हणे

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांमधे परत तोच मेसेज फिरतोय: "फॉरईच स्लो असतो, दरवेळी मेमरीत कचरा करतो, यील्ड तर वापरूच नका, आपल्या कलेक्शनला स्ट्रक्ट एन्युमरेटर हातानेच लिहा." फॉरईच म्हणजे कलेक्शनमधला एकेक आयटम घेत जाणारा लूप, एन्युमरेटर म्हणजे कुठवर आलो ते लक्षात ठेवून पुढचा आयटम देणारा, स्ट्रक्ट म्हणजे साधारणपणे वेगळं ऑब्जेक्ट न लागणारा टाइप, आणि यील्ड म्हणजे मेथडने मागेल तसा एकेक आयटम देणं. चार मुद्दे, त्यातला एक अर्धा खरा.

स्लो म्हणाल तर ॲरेवरच्या फॉरईचचा कंपायलर सरळ इंडेक्सवाला, म्हणजे क्रमांकाने जाणारा लूपच करतो, एन्युमरेटरचा पत्ताच नसतो. लिस्टला एन्युमरेटर येतो, पण तो स्ट्रक्ट आहे, आणि मधेच कुणी लिस्ट बदलली का एवढं तो दर पावलाला बघतो. त्याचा थोडा खर्च आहे, नाही कशाला म्हणू, पण लूपच्या आत डेटाबेसला कॉल मारताय तिथे तो दिसणार कुठे?

कचऱ्याचं अर्धं खरं. तीच लिस्ट आयएन्युमरेबल ("यावर फिरता येतं" एवढंच सांगणारा इंटरफेस) म्हणून मेथडला दिली की साधारणपणे त्या स्ट्रक्टचं बॉक्सिंग होतं, म्हणजे तो हीपवर (ऑब्जेक्टांच्या मेमरीत) ऑब्जेक्ट बनून जातो, इंटची (पूर्णांकांची) लिस्ट असेल तर ६४ बिटवर ४० बाइट हीपवर जातात. लूपमागे एकदा हां, आयटममागे नाही! ही भीती पसरली ती मुख्यतः युनिटी या गेम इंजिनवाल्यांमुळे, ५.५ च्या आधी तिथला जुना मोनो कंपायलर लिस्टवरच्या साध्या फॉरईचलाही बॉक्सिंग करायचा, आणि सेकंदाला ६० फ्रेम, दर फ्रेमला असले वीसेक लूप म्हटल्यावर हा कचरा साफ करणारा गार्बेज कलेक्टर जागा होणारच. ५.५ आलं २०१६ ला. सल्ला मात्र अजून चालूच.

यील्डचं काय, तर कंपायलर मागे एक क्लास बनवतो, लूपमागे एक ऑब्जेक्ट, बस. खरी भानगड वेगळीच आहे आणि तिचं नावही मेसेजात नाही: ट्रीवर (फांद्याफांद्यांच्या डेटावर) रिकर्सिव्ह यील्ड, म्हणजे यील्डवाली मेथड दर फांदीला स्वतःलाच बोलावते. २० पातळ्या खालचं पान वर यायला वीस एन्युमरेटरांच्या हातातून येतं, तेही प्रत्येक पान. तिथे आपला एक स्टॅक (कुठे जायचं राहिलंय त्याची थप्पी) ठेवा, यील्ड खुशाल राहू दे.

आणि हाताने स्ट्रक्ट? लिहा की, फॉरईचला इंटरफेस लागतच नाही, नीट गेटएन्युमरेटर (एन्युमरेटर देणारी मेथड) दिसला की पुरे, त्यामुळे पब्लिक मेथड स्ट्रक्ट देते आणि इंटरफेसवाली वेगळी लपवून ठेवता येते. फक्त तो स्ट्रक्ट रीडओन्ली (नंतर बदलता न येणाऱ्या) फील्डमधे ठेवून मूव्हनेक्स्ट (पुढच्या आयटमवर जा) मारू नका, दरवेळी कॉपीच पुढे सरकते, मूळ जागचं हलत नाही, लूप संपतच नाही. अख्खी दुपार गेलीय माझी.

बाकी हा मेसेज मनावर घेऊन आमच्याकडे एकाने फॉरईच काढून फॉर टाकला. सोर्स होता यील्डवाला, म्हणजे इंडेक्स नाहीच, मग लूपच्या अटीत काउंट (एकूण किती) आणि आत एलिमेंटॲट (अमुक क्रमांकाचा आयटम). दोन्ही दरवेळी पहिल्यापासून फिरतात. हजार रेकॉर्डला एलिमेंटॲटची पाच लाख पावलं, काउंटची वर दहा लाख. आणि कमिट मेसेज काय, तर "परफॉर्मन्स सुधारणा".