कॅन्सस सिटीची नऊ नावे : माइनर लीगच्या मूल्यमापनावरील एका लोकप्रिय आक्षेपाचा प्रतिवाद

अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम जवळ आला आणि उगवत्या खेळाडूंच्या वार्षिक याद्या प्रसिद्ध झाल्या, की एक ठरावीक मजकूर दरवर्षी नव्याने पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : माइनर लीगमधील (सर्वोच्च अशा मेजर लीगच्या खालच्या तयारीच्या स्तरांवरील) खेळाडूंचे स्काउटांनी, म्हणजे गुणी खेळाडू हेरणाऱ्या पारख्यांनी, केलेले मूल्यमापन निव्वळ अंदाजपंचे असते. 2011 साली कॅन्सस सिटी रॉयल्सचे तब्बल नऊ खेळाडू ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाच्या पहिल्या शंभर उगवत्या खेळाडूंत होते आणि त्यांतला एकही महान ठरला नाही. उलट पुढे महान ठरलेल्या माइक पियाझाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, 62व्या फेरीपर्यंत कोणी विचारले नव्हते. तेव्हा याद्या बाजूला ठेवाव्यात, आकडे पाहावेत आणि ज्याने सर्वाधिक होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) मारले त्याला वर आणावे, कारण आकडे खोटे बोलत नाहीत.

या मजकुरातील नावे आणि वर्षे बरोबर आहेत. चुकले आहेत ते त्यांवरून काढलेले निष्कर्ष. ही चूक सोडून देण्याजोगी नाही, कारण आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ती मुले सतरा-अठराव्या वर्षी घर सोडून, रात्रीचे लांबलांब बसप्रवास करत, सिंगल-ए, डबल-ए आणि मग ट्रिपल-ए अशी माइनर लीगची एकेक पायरी चढत असतात. त्यांचा खेळ कसा पाहायचा असतो हे समजून न घेता त्यांना ‘फुगा’ ठरवणे हा त्यांच्यावर आणि आयुष्यभर मैदानांच्या कडेला बसून टिपणे काढणाऱ्या स्काउटांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात रॉयल्सपासून करू, कारण आक्षेपाचा सारा भार त्याच उदाहरणावर आहे. ती नऊ नावे अशी : एरिक हॉस्मर, माइक मुस्टाकस, विल मायर्स, जॉन लॅम, माइक माँटगोमेरी, ख्रिश्चन कोलोन, डॅनी डफी, जेक ओडोरिझी आणि क्रिस ड्वायर. यांतील पहिले तिघे यादीत अनुक्रमे आठव्या, नवव्या आणि दहाव्या स्थानी होते. यांच्यापैकी कोणाचीही गणना सर्वकालीन थोर खेळाडूंत होणार नाही, हे मान्य करायला हवे. परंतु यादीने तसे वचन दिलेलेच नव्हते. स्काउट प्रत्येक कौशल्याला 20 ते 80 या पट्टीवर गुण देतात आणि त्या पट्टीवर 50 म्हणजे मेजर लीगमधील मध्यम दर्जा. बाहेरून पाहणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो, पण फार्म सिस्टीममधील, म्हणजे मेजर लीग संघाच्या हाताखालच्या माइनर संघांतील, बहुतांश खेळाडूंना मेजर लीगमध्ये एक दिवसही मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तेथे नियमित जागा मिळवणारा 50 गुणांचा खेळाडूही किती मोलाचा असतो ते कळते. त्यामुळे शंभरांच्या यादीतील स्थान हे त्या मुलाच्या संभाव्य मोलाचे आणि त्याच्याशी जोडलेल्या जोखमीचे एकत्रित अनुमान असते. ते महानतेचे प्रमाणपत्र मानणे ही वाचणाऱ्याची चूक आहे.

आता त्या नऊ जणांचे पुढे काय झाले ते पाहू. डिसेंबर 2012 मध्ये रॉयल्सने मायर्स, ओडोरिझी आणि माँटगोमेरी यांना टँपा बे रेजकडे देऊन जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस हे दोन पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) आणले. जुलै 2015 मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेतून उठलेला जॉन लॅम आणखी दोन पिचरांसह सिनसिनाटीला गेला आणि त्या बदल्यात जॉनी क्वेटो आला. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात क्वेटोने सारे नऊ डाव एकट्याने टाकले आणि अवघे दोन हिट (बॅटरने चेंडू मारून सुखरूप बेस गाठणे) दिले. पाचव्या सामन्याच्या नवव्या डावात हॉस्मरने तिसऱ्या बेसवरून जिवाच्या आकांताने होमप्लेटकडे धाव घेऊन बरोबरी साधली, बाराव्या डावात बदली बॅटर म्हणून आलेल्या कोलोनच्या हिटने आघाडी मिळाली आणि शेवटचा डाव डेव्हिसने टाकला. तिसऱ्या बेसवर मुस्टाकस होता आणि त्या मालिकेतील पिचरांत डफीही होता. म्हणजे नऊपैकी चौघे विजेत्या संघात होते आणि चौघांच्या मोबदल्यात त्या संघाला आकार देणारे पिचर मिळाले. राहिला तो ड्वायर, ज्याच्या वाट्याला मेजर लीगचे दोनच सामने आले. 1985 नंतर तीस वर्षांनी मिळालेले ते विजेतेपद होते. या यादीला ‘फसलेली’ म्हणायचे असेल, तर यशस्वी यादी कशी असते ते आक्षेपकांनी सांगायला हवे.

शिवाय मायर्स 2013 साली, मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला आणि 2016 च्या वर्ल्ड सीरिजमधील सातव्या सामन्याचा शेवटचा बळी शिकागो कब्जसाठी माँटगोमेरीनेच मिळवला. फार्म सिस्टीम ही संघाची रसद असते आणि त्याच वेळी अदलाबदलीत चालणारे चलनही असते. यातली दुसरी बाजू हिशेबात न घेता काढलेला ताळेबंद अर्धाच असतो.

‘आकडे खोटे बोलत नाहीत’ या दुसऱ्या दाव्याचे उत्तरही याच यादीत आहे, आणि माझ्या मते संपूर्ण वादातील हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. 2008 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या हॉस्मरची 2009 सालची बॅटिंग सरासरी (हिट आणि बॅटिंगच्या संधी यांचे प्रमाण) .241 होती आणि वर्षभरात त्याने सहा होमरन मारले होते. केवळ आकडे पाहणाऱ्याने त्या हिवाळ्यात त्याच्या नावावर फुली मारली असती. त्याच्या दृष्टीत दोष होता. हंगाम संपल्यावर त्याच्या डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया झाली आणि 2010 साली त्याची सरासरी .338 वर गेली. आधीच्या वर्षीचा आकडा खोटा नव्हता, पण तो त्याच्या बॅटविषयी बोलत नव्हता, त्याच्या डोळ्यांविषयी बोलत होता. हा फरक तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी कोणीतरी त्या मुलाला रात्रीच्या दिव्यांखाली चेंडू शोधताना पाहावे लागते आणि त्याच्याशी बोलावे लागते.

त्याच 2010 च्या हंगामाचे दोन तुकडे करून पाहिले की आणखी एक गोष्ट उलगडते. हॉस्मरने हाय-ए, म्हणजे सिंगल-एच्या वरच्या, स्तरावर, डेलावेअरमधील विल्मिंग्टनकडून, 87 सामन्यांत सात होमरन मारले. तिथून बढती मिळून तो डबल-ए स्तरावरच्या टेक्सस लीगमधील नॉर्थवेस्ट आर्कान्सा संघात गेला आणि तिथे त्याने 50 सामन्यांतच तेरा होमरन मारले. वरच्या स्तरावर पिचर अधिक तरबेज, तरीही होमरनचा वेग तिपटीहून अधिक. विल्मिंग्टनचे मैदान होमरनला फार कठीण म्हणून ओळखले जात असे आणि टेक्सस लीगची हवा बॅटरांना साथ देणारी होती, हे ठाऊक असलेल्याला यात नवल वाटत नाही. मुस्टाकसची गोष्टही तीच आहे : 2009 साली विल्मिंग्टनमध्ये सरासरी .250 आणि सोळा होमरन, तर पुढच्या वर्षी डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून सरासरी .322 आणि छत्तीस होमरन. एका वर्षात तो सुधारला हे खरेच, पण सुधारणा किती आणि मैदानाचा वाटा किती हे वेगळे काढल्याशिवाय त्या छत्तीसचा अर्थ लागत नाही. पाटा खेळपट्टीवरचे द्विशतक आणि हिरव्या, ओलसर खेळपट्टीवरची पन्नाशी यांची तुलना करताना आपण क्रिकेटमध्ये हा विवेक सहज दाखवतो. बेसबॉलच्या बाबतीत तो का सोडावा?

‘ज्याने सर्वाधिक होमरन मारले त्याला वर आणावे’ हा तिसरा दावा तर ब्रँडन वुडच्या उदाहरणापुढे टिकतच नाही. एंजल्स संघाच्या या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा राखणाऱ्या क्षेत्ररक्षकाने) 2005 साली हाय-ए स्तरावरच्या रँचो कुकामाँगाकडून 43 होमरन मारले. मेजर लीगमधील त्याची कारकीर्द सरासरी .186 आणि एकूण 18 होमरन एवढ्यावर आटोपली. येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, की याद्यांनीही वुडला उचलून धरले होते. 2006 च्या यादीत तो तिसरा होता, कारण वय अवघे वीस आणि जागा शॉर्टस्टॉपसारखी अवघड. पण तो ज्या कॅलिफोर्निया लीगमध्ये खेळत होता, तेथील अनेक मैदाने कोरड्या, उष्ण हवेच्या प्रदेशात होती आणि चेंडू तेथे दूर जाई. पुढच्या वर्षी डबल-एमध्ये होमरन चालू राहिले, पण त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणे) दीडशेच्या घरात पोहोचले. धोक्याची घंटा तिथे वाजली होती.

नऊ वर्षांनी क्रिस ब्रायंटनेही बरोबर 43 होमरन मारले, मात्र डबल-ए आणि ट्रिपल-ए स्तरांवर. तो पुढच्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि 2016 साली सर्वोत्तम खेळाडू ठरला. विशेष म्हणजे 2014 च्या त्या हंगामात ब्रायंटचे स्ट्राइकआउट 162 होते, म्हणजे नुसते स्ट्राइकआउट मोजणाराही फसला असता. त्यासोबत त्याला 86 वॉक (चार चुकीचे चेंडू सोडून मिळणारा फुकटचा पहिला बेस) मिळाले होते. हा तपशील महत्त्वाचा का, हे होमप्लेटमागे बसून पाहिले की चटकन समजते. खालच्या स्तरावरच्या पिचरचा स्लायडर, म्हणजे उशिरा वळणारा वेगवान चेंडू, बऱ्याचदा वळायचाच राहतो आणि प्लेटच्या मधोमध लोंबकळतो, आणि ताकदवान मुलगा अशा चुकीची वाट पाहून तो बाहेर भिरकावतो. डबल-एपासून वर मात्र तोच स्लायडर स्ट्राइक झोनमधून निघून शेवटच्या काही फुटांत गुडघ्याखाली आणि बाहेर सरकतो. दोन स्ट्राइक झालेल्या असताना त्या चेंडूला बॅट निघते की खांदे सैल पडून बॅट जागच्या जागी थांबते, यावर त्या मुलाचे पुढचे बरेचसे भवितव्य ठरते. होमरनच्या रकान्यात हा क्षण कुठेच उमटत नाही. वॉकच्या रकान्यात त्याची थोडीफार सावली पडते, म्हणून जाणकार तो रकाना आधी वाचतात.

अर्थात तोही रकाना डोळे मिटून वाचता येत नाही. 2023 मध्ये ट्रिपल-एच्या सर्व मैदानांवर स्ट्राइकचा निर्णय अंशतः यंत्राकडे सोपवण्यात आला आणि तेथील वॉकची तुलना आधीच्या वर्षांशी सरळ करता येईनाशी झाली. त्याआधी 2019 साली ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचा चेंडू वापरायला सुरुवात होताच होमरन एका वर्षात निम्म्याहून अधिक वाढले होते. त्या वर्षी वीस होमरन मारलेल्या खेळाडूला आदल्या वर्षीच्या वीसवाल्याच्या पंक्तीत बसवणे चुकीचेच होते.

पियाझाचे उदाहरण मात्र आक्षेपकांनी भलत्याच जागी वापरले आहे. 1988 साली डॉजर्सने त्याला 62व्या फेरीत, 1390व्या क्रमांकावर, संघाचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा यांच्या कौटुंबिक स्नेहाखातर घेतले, हे प्रसिद्ध आहे. पण ड्राफ्ट वेगळा आणि माइनर लीगमधील मूल्यमापन वेगळे. ड्राफ्टचा अंदाज एकदाच बांधला जातो, तर मूल्यमापन दर हंगामात नव्याने होते. 1992 साली डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून .350 च्या सरासरीने खेळल्यावर 1993 च्या यादीत पियाझा होता, आणि त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. तेव्हा ही पद्धत आपली चूक दुरुस्त करते, याचाच पियाझा हा पुरावा आहे.

याद्या खरोखर कुठे चुकल्या हे दाखवायचे असेल, तर याहून चांगली उदाहरणे आहेत. पुढे मेजर लीगचे तारे ठरलेल्या होझे अल्तुवे आणि जेकब डीग्रॉम यांची नावे शंभरांत कधीच आली नाहीत. अल्तुवेच्या बाबतीत आकड्यांनी स्काउटांना सपशेल हरवले : एकवीस वर्षांचा मुलगा, हाय-ए आणि डबल-एमध्ये मिळून .389 ची सरासरी, स्ट्राइकआउट अगदी कमी, आणि तरीही त्याची पाच फूट सहा इंच उंची अनेकांच्या नजरेत सलत राहिली. डीग्रॉम कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप होता, पिचिंगकडे उशिरा वळला, 2010 मध्ये ड्राफ्ट होताच त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि मेजर लीगमध्ये येईपर्यंत तो पंचविशी गाठून होता. अशा खेळाडूविषयी साशंक राहणे समजण्यासारखे होते, पण ते चुकीचे ठरले. ही टीका रास्त आहे आणि ती व्हायलाच हवी. तिच्यातून निघणारी मागणी मात्र वय, स्तर, मैदान, दुखापत आणि प्रत्यक्ष खेळ यांचे अधिक बारकाईने वाचन व्हावे, ही आहे. होमरनचा तक्ता घेऊन नावांचा क्रम लावावा, ही नव्हे.

आणि पुन्हा रॉयल्सकडे पाहिले तर त्या संघाच्या बाबतीतली सर्वांत मोठी चूक आक्षेपकांच्या हातून निसटलेली दिसते. 2011 च्या शंभरांत साल्वादोर पेरेझ नव्हता. व्हेनेझुएलातून सोळाव्या वर्षी करारबद्ध झालेल्या या कॅचरने 2010 मध्ये त्याच विल्मिंग्टनमध्ये .290 च्या सरासरीने खेळत अवघे सात होमरन मारले होते. होमरन मोजून बढती द्यायची असती, तर त्याचा क्रमांक फार उशिरा लागला असता. त्याचे हात, पिचरांना सांभाळण्याची त्याची रीत आणि गुडघ्यांवर बसल्याबसल्या बेसकडे होणारी फेक रॉयल्सच्या माणसांनी रोज पाहिली होती. म्हणून ऑगस्ट 2011 मध्ये, ट्रिपल-एमध्ये जेमतेम डझनभर सामने झालेले असताना, त्यांनी त्याला एकविसाव्या वर्षी वर बोलावले. पहिल्याच सामन्यात त्याने बेसपासून जरा पुढे सरकलेल्या दोन धावपटूंना फेकीने बाद केले. 2015 च्या वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली.