काटा पोकळ निघाला म्हणून तो खोटा होत नाही

रविवारी भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. खाली एवढंच, "मावशी, हे खरं आहे का?" तिला पुढे भूशास्त्र शिकायचंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मजकुराचं नाव 'जीवाश्मांचा महाघोटाळा'. म्हणणं असं: शास्त्रज्ञ एका काट्यावरून अख्खा मासा रचतात, काटा कुठल्याही माशाचा असू शकतो, एकाच प्राण्याला दोन-दोन नावं देतात, गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्र नसताना, शार्क दाखवतात. शेवटी सल्ला: काटा फोडून बघा, आत पोकळ असेल तर तो साच्यात ओतलेला समजा.

हा सल्ला वाचून संताप आला. हायबोडॉन्ट या लुप्त शार्कांच्या पाठीवरचा काटा आतून पोकळ असतोच. दाताच्या मधोमध असते तशी गराची पोकळी त्यात असते, आणि बुंध्याकडे ती मागच्या बाजूने पन्हळीसारखी उघडी राहते. काटा बनलेलाही डेंटिनचाच, म्हणजे दाताच्याच द्रव्याचा. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की डेंटिनचे थर दिसतात. साच्यात ओतलेल्या वस्तूत असे थर येणार कुठून? आजच्या काटेरी मुशीचं (ही शार्कचीच एक जात) वय पाठीवरच्या काट्यावरची वलयं मोजून काढतात. म्हणजे ज्या पोकळीला हे महाशय खोटेपणाचा पुरावा म्हणतात, ती खरेपणाची खूण आहे. आणि हे वाचून एखाद्या पोराने सापडलेला काटा दगडाने ठेचला, तर तो परत जोडता येत नाही.

"काटा कुठल्याही माशाचा असू शकतो." नाही. बाजारात शिंगाळा घेताना कोळीण त्याचे काटे आधी मोडून देते. पुढच्या वेळी ते मागून आणा आणि बुंधा बघा. तिथे सांध्याची खोबण असते, पाठीवरच्या काट्याला तर आरपार भोकही असतं. हायबोडॉन्टच्या काट्याला सांधाच नाही. खालचा भाग गुळगुळीत, कारण तो मांसात रुतलेला. वरच्या भागावर उभे कंगोरे, आणि मागच्या कडेला खाली वळलेल्या आकड्यांच्या दोन ओळी. टिनाकँथस या दुसऱ्या लुप्त शार्कच्या कंगोऱ्यांवर मण्यांसारख्या गाठी, अ‍ॅस्टेराकँथस या हायबोडॉन्टच्या काट्यावर चांदणीसारखे उंचवटे. एकदा हातात घेतले की शिंगाळ्याशी गल्लत होणं शक्य नाही.

नावांच्या बाबतीत मात्र थोडं मान्य करावं लागतं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा कुजून जातो. दात आणि काटे तेवढे उरतात, तेही वेगवेगळे. त्यामुळे दाताला एक नाव, काट्याला दुसरं, असं खरंच झालंय. माशांच्या जीवाश्मांचा अभ्यासक लुई अ‍ॅगासिझ याने १८३७ साली नुसत्या काट्यांवरून अ‍ॅस्टेराकँथस हे नाव दिलं. पुढे बऱ्याच जणांनी स्ट्रोफोडस नावाचे चपटे दात त्याचेच मानले. ती जोडी चुकली होती. २०२१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या सेबास्टियन श्टुम्फ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या झोलनहोफेनला सापडलेला अ‍ॅस्टेराकँथसचा सांगाडा प्रसिद्ध केला: मासा सुमारे अडीच मीटर लांब, दीडशेहून जास्त दात, आणि ते चपटे नव्हेत, तर मधे मोठं टोक नि दोन्ही बाजूंना लहान टोकं असलेले. पण काटे होते पाठीवरच, आणि प्राणी हायबोडॉन्टच निघाला. काट्यावरून जे सांगितलं होतं ते टिकलं, दातांची जुळवणी तेवढी मोडली. ती मोडली कुणी? ज्यांना हा मजकूर घोटाळेबाज म्हणतो, त्यांनीच.

गोदावरीबद्दल फार लिहीत नाही. गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातल्या जुरासिक काळातल्या, 'कोटा' नावाच्या खडकांच्या थरांत हायबोडॉन्टांचे दात सापडले आहेत. या कुळातले कित्येक मासे गोड्या पाण्यात राहत. गंगेतही शार्कची एक जात आहे, हे शोधायला दोन मिनिटं पुरली असती.

फॉरवर्डमध्येच एका काट्याचा फोटो आहे, 'नकली' असं लाल अक्षरांत लिहिलेला. भाचीला म्हटलं, मोठा करून मागची कड बघ. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "मावशी, आकडे दिसतायत, खाली वळलेले. आणि खालचा भाग गुळगुळीत आहे."