कॅव्हिटीला उगाच दोष

‘रेडिओथेरपीचा लिनॅक बंद पडला की बहुधा तांब्याची कॅव्हिटीच गेलेली असते’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. लिनॅक म्हणजे कॅन्सरवर किरणं देणारं मशीन, आणि कॅव्हिटी म्हणजे त्यातली इलेक्ट्रॉनना वेग देणारी पोकळी. मी याच मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये आहे. कॅव्हिटी बिचारी वर्षानुवर्षं मुकाट चालते. दम निघतो तो मॉड्युलेटरचा, म्हणजे हाय-व्होल्टेजचे झटके (पल्स) देणाऱ्या भागाचा. मॅग्नेट्रॉनला (मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या नळीला) चाळीसएक हजार व्होल्ट द्यायचे, काही मायक्रोसेकंदांपुरतेच, पण सेकंदाला शेकडो वेळा! मॉड्युलेटरमधला स्विच, म्हणजे थायरेट्रॉन, थकला की पल्स चुकायला लागतात, डोस रेट हलतो आणि इंटरलॉक लागून मशीन आपोआप थांबतं. लेखात मॉड्युलेटरचं नावही नाही.

कॅव्हिटी कुरकुरते ती थंड पाण्यासाठी. ३००० मेगाहर्ट्झला तांबं १ अंशाने जरी तापलं तरी ते प्रसरण पावतं आणि कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी जवळपास ५० किलोहर्ट्झने घसरते. तेव्हा आधी पाणी थंड करणाऱ्या चिलरचा फिल्टर तुंबलाय का ते बघा, मग कॅव्हिटीला नावं ठेवा.