डाव्या पायाची वेठबिगारी

पुण्यात गाडी चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला तसं फार काम नसतं. वेग घ्यायचा तर रस्ता रिकामा हवा, आणि रिकामा रस्ता दिसला की समजावं, पुढे खोदून ठेवलाय. खरा राबतो तो डावा. दाबा, सोडा, अर्धा सोडा, मध्येच रिक्षा घुसली, परत दाबा. विद्यापीठ चौकातून बाणेरला पोचेपर्यंत गाडी किती चालली हे मीटर सांगतो. क्लच किती वेळा दाबला हे सांगणारा मीटर कुठल्याच गाडीत नसतो. ते काम रात्री गुडघा करतो.

आमची गाडी जुनी, छोटी, डिझेलवर चालणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण अजून तिच्याच सुट्या भागांवर आमचा संसार चालू आहे. नवी होती तेव्हा तिचा क्लच कसा होता हे मला आठवत नाही, आणि क्लचची खरी लबाडी हीच आहे. पंक्चर झालं की कळतं. दिवा गेला की मागचा हॉर्न वाजवून कळवतो. क्लच मात्र रोज गुंजभर जड होतो आणि पायही रोज तेवढाच निर्ढावतो. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात आणि मालकाला वाटतं, सगळं झकास चाललंय. दुखायला लागतो तो गुडघा. त्यामुळे दुरुस्तीलाही आधी गुडघाच टाकला जातो.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, 'वयोमानानुसार' असं म्हणाले (हा शब्द पन्नाशीनंतर तपासणी फीमध्येच धरलेला असतो) आणि मला फिजिओथेरपीला धाडलं. तिथली मुलगी गोड बोलणारी होती. तिने मला पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि म्हणाली, "काका, ही गुंडाळी गुडघ्याने खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे आणि हळूहळू सोडायची. मग परत दाबायची."

मी दाबली. सोडली. परत दाबली.

"अरे वा! तुम्हाला आधीपासून सवय दिसतेय."

तिला काय सांगणार? दिवसभर चांदणी चौकात जे फुकट करत होतो, तेच संध्याकाळी पैसे मोजून करत होतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी चांदणी चौकाबद्दल थोडं सांगायला हवं. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला. सगळं पुणं जागं राहून टीव्हीवर बघत होतं. धूळ बसल्यावर पाहतात तो पूल बराचसा जागच्या जागी! उरलेला शेवटी यंत्रं लावून तोडावा लागला. नवा उड्डाणपूल खुला व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडलं. त्या काळात तिथे गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात गेली, तर आतली माणसं एकमेकांकडे कौतुकाने बघत. आमच्या क्लचने बराचसा मार तिथेच खाल्ला.

गुडघ्याची बातमी सोसायटीत पसरली आणि काका आले. काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. काका त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नोकरीला लागले, पण बोलणं ऐकून ती पहिली गाडीही तेच घेऊन गेले असावेत असं वाटतं.

"क्लच जड? अरे, आमच्या गाड्यांचा क्लच दाबायला सीटवरून अर्धं उठावं लागायचं. खंबाटकीचा घाट, रात्रीची वेळ, पाऊस, आणि उभ्या माणसांनी गाडी गच्च. कधी गुडघा दुखला नाही!"

काका चालताना डावा पाय किंचित ओढतात. तो विषय काढायचा नसतो.

काकांपाठोपाठ बाकीचे सल्ले आले. सीट पुढे घ्या, हा त्यातल्या त्यात शहाणा सल्ला. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहायला हवा, पाय ताणून टोकाने दाबला की सगळा भार सांध्यावर येतो, हे खरंच आहे. मी सीट पुढे घेतली. पाय सुखावला, पोट स्टिअरिंगला टेकलं. कुणी म्हणालं, सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढून घेत जा. हेही बरोबर. पण आपल्याकडे सिग्नलवर शेवटचे दहा आकडे उरले की मागचे लोक हॉर्न वाजवायला लागतात, पाच उरले की निघतात. न्यूट्रलमध्ये पकडला गेलेला माणूस तिथे उभ्या-उभ्या कुळासकट उद्धरला जातो. एकाने चपला बदलायला सांगितलं. एकाने पेडलखालची जाड मॅट काढायला लावली, आणि तिच्या घडीत पेडलचा शेवटचा इंचभर प्रवास खरोखरच अडकत होता. शिवाय दोन रुपयांचं हरवलेलं नाणं मिळालं. क्लच तेवढाच जड राहिला.

मुलाचा सल्ला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग होता. "बाबा, ऑटोमॅटिक घ्या." २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी (म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला आपोआप गिअर बदलणारं यंत्र) घेऊन आली तेव्हापासून आपल्याकडे स्वस्तातल्या गाड्यांतही क्लचचं पेडल गायब व्हायला लागलं. गंमत म्हणजे एएमटीत क्लच असतोच, अगदी तोच. फक्त तो दाबायला यंत्र बसवलेलं असतं आणि त्या यंत्राला गुडघा नसतो. मला त्या यंत्राचा हेवा वाटला, पण किंमत ऐकून आमचं प्रेम गुडघ्यावर परतलं.

खरा निदान करणारा निघाला कोल्हापूरचा मेहुणा. लग्नघरचं सामान आणायला तो आमची गाडी घेऊन लक्ष्मी रस्त्याला गेला आणि परतला तो घामाघूम. किल्ली टेबलावर आपटून म्हणाला, "काय ओ दाजी, गाडी हाय का तालीम? गुडघा कसला दाखवताय डॉक्टरला, क्लच दाखवा की!"

बायको लगेच म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय." ती कधीपासून सांगत होती हे मला आठवत नव्हतं, पण मेहुण्यासमोर तो मुद्दा लावून धरण्यात अर्थ नव्हता.

चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये हातात टॅबलेट घेतलेल्या मुलाने पेडल एकदा दाबलं. "सर, या मॉडेलला थोडा हार्डच असतो."

"नवीन होती तेव्हा नव्हता."

तेव्हा तुम्हीही नवीन होतात, असं तो म्हणाला नाही, पण टॅबलेटच्या वरून तसा बघितला. मग अख्खा क्लच सेट, मजुरी आणि कर धरून एक आकडा दाखवला. तो बघून गुडघा तात्पुरता बराच वाटायला लागला.

मधल्या काळात मी स्वतः विषयात इतका खोल शिरलो की बायको मला जेवताना गप्प बसवायला लागली. तुम्हाला गप्प बसवता येत नाही, म्हणून सांगतो. इंजिन अखंड फिरतं, चाकं अखंड फिरत नाहीत. दोघांची घडोघडी फारकत करायची आणि परत नांदायला लावायचं, हे क्लचचं काम. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, क्लच प्लेट चिकटवून ठेवते ती प्रेशर प्लेट, आणि तिच्यात असते ताटलीच्या आकाराची डायाफ्राम स्प्रिंग. छोट्या गाडीतही ती काही शे किलोंच्या जोराने दाबून धरते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जास्त ओढतं, म्हणून त्याची स्प्रिंग आणखी कडक. आपण पेडल दाबतो तेव्हा केबल ओढली जाते, ती फोर्क हलवते, फोर्क बेअरिंग ढकलतो, बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर रेलतं आणि प्लेट सुटते. काही शे किलोंपुढे आपला एक पाय टिकतो तो निव्वळ तरफेच्या जिवावर.

मग नरम स्प्रिंग का टाकत नाहीत? टाकता येते. पण मग चढावर इंजिन बोंबलतं, प्लेट घसरते, जळका वास सुटतो आणि गाडी जिथल्या तिथे. बरं, तरफ लांब करावी? जोर कमी लागेल, पण पेडल जास्त खोल दाबावं लागेल, आणि खाली तर गाडीची जमीन आहे. क्लच अर्धवट सुटतो आणि रिव्हर्स टाकताना आतून कर्रकन दात खाल्ल्याचा आवाज येतो. जोर वाचवायचा तर अंतर मोजावं लागतं, हा धडा शाळेत होता. तेव्हा तो परीक्षेपुरता वाटला होता.

सगळ्यात मोठा अन्याय पुढेच आहे. वस्तू झिजली की ढिली पडते, असा आपला आयुष्यभराचा अनुभव. क्लचचं उलटं. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट पुढे सरकते, स्प्रिंगची बोटं उठून बाहेर येतात, आणि ती दाबायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो. म्हणजे वय झालं की हा जास्त आडमुठा होतो. इथे मी काकांचं नाव घेत नाहीये.

शेवटी गाडी गेली सिंहगड रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या गॅरेजात. तिथल्या भाऊंनी मला गाडीतून उतरवलं, दारापाशी उकिडवे बसले आणि पेडल हाताने दाबून बघितलं. कान आत. पेडल करकरलं. "पेडलच्या बिजागरीतलं बुश गेलंय," ते म्हणाले. मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सकडचं केबलचं टोक सोडवलं आणि परत पेडल दाबलं. आता पुढे स्प्रिंग नव्हती, काहीच नव्हतं, फक्त केबल. तरी ते खरखरत, अडखळत खाली गेलं.

"साहेब, रिकामी केबल एवढी ओढावी लागते होय? निम्मा जोर तर वाटेतच खर्च होतोय."

जुनी केबल त्यांनी माझ्या हातात दिली. आतल्या पिळाच्या तारेचे पेडलकडचे काही पदर तुटून वळले होते आणि त्यांच्या टोकांनी नळीच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर खरवडून काढलं होतं. मी मोबाइलवर बघितल्याप्रमाणे तिच्यात ऑइल सोडायचा विषय काढला. भाऊ म्हणाले, "अस्तराच्या केबलला तेल नाही लावायचं. धूळ धरून बसतं, वर्षाने परत याल." स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच तोडणारा माणूस बघून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

नवी केबल, नवं बुश. बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. मग गिअरबॉक्स खाली घेतलाच. सर्व्हिस सेंटरचा आकडा आणि भाऊंचा आकडा यांत एका छोट्या सहलीचं अंतर होतं. जुनी प्लेट रिवेटपर्यंत घासली होती. स्प्रिंगच्या बोटांच्या टोकांवर बेअरिंगने घासून आरशासारखं चकचकीत वर्तुळ काढलं होतं. भाऊंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "क्लचवर पाय ठेवून कोण चालवतं?"

घरात आम्ही तिघं गाडी चालवतो. तिघांनीही बाकीच्या दोघांकडे बोट दाखवलं. भाऊंनी अशी घरं बरीच पाहिली असावीत, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

गाडी मिळाली तेव्हा मी जुन्या सवयीने कंबर कसून पाय हाणला. पेडल लोण्यासारखं खाली गेलं आणि टाच धपकन जमिनीवर आदळली. क्लच धरण्याची जागाही बदललेली. गॅरेजच्या दारात गाडी दोनदा बंद पडली. पहिले काही दिवस मी नवशिक्यासारखा हिसके देत फिरलो, मागच्या सीटवर बायको एका हाताने पर्स आणि दुसऱ्याने देवाचं नाव धरून. गुडघा मात्र आठवडाभरात गप्प झाला. फिजिओथेरपीच्या मुलीला वाटलं, तिच्या टॉवेलचा गुण आला. मी तिला तसंच वाटू दिलं.

क्लच हलका झाल्याचं कळताच काका खाली आले. "बघू दे," म्हणाले आणि थेट ड्रायव्हरच्या सीटवर. मी शेजारी. त्यांनी पेडल दाबलं, तोंड वाकडं केलं. "यात काही दमच नाही रे. पायाला काही लागतंय असं वाटायला नको?" मग मान ताठ करून, खंबाटकी उतरल्याच्या थाटात, त्यांनी गाडी गेटपर्यंत नेली. गेटमध्ये वॉचमन सलाम ठोकत असतानाच गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. मागून शाळेच्या व्हॅनने हॉर्न धरला. वॉचमन हसला.

काकांनी काच खाली केली, त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "बंद पडली नाही, मी बंद केली. डिझेल वाचतं."