पिलबाग किती वेळा घ्यायची?

रावेर तालुक्यातला केळीचा कोणताही बागायतदार सांगेल की मुख्य बाग कापल्यावर त्याच झाडांच्या पिलांवर पिलबाग घेता येते, पण घड हलके पडू लागले की ती मोडून रान मोकळे करावे लागते. डायनासोरवरची ज्युरासिक चित्रपटमालिका चालवणाऱ्यांना एवढेही कळू नये, याचा मला मनापासून संताप येतो. १९९३ पासून २०२५ पर्यंत एकाच कल्पनेवर सात चित्रपट काढून झाले, आणि पहिला सोडला तर दर वेळी मी येण्याजाण्याचे चार तास एसटीत घालवून जळगावला जातो, हिंदीत डब केलेला एकुलता एक खेळ पाहतो आणि चिडून परत येतो.

पहिला चित्रपट १९९४ मध्ये हिंदीतून आपल्याकडे आला, तेव्हा वडिलांनी मला तो भुसावळला नेऊन दाखवला होता. दोन तासांहून अधिक लांबीच्या त्या चित्रपटात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात. उरलेला वेळ मायकेल क्रायटनच्या १९९० च्या कादंबरीतल्या विचाराला दिलेला आहे: डायनासोरच्या तुटक डीएनएला बेडकाचा डीएनए जोडून, सगळ्या माद्याच जन्माला घालून, जीवसृष्टीवर ताबा ठेवता येतो का? पुढच्या चित्रपटांनी प्राणी मोठे केले, दात वाढवले आणि हा विचार मात्र दर भागाला पातळ करत नेला.

शिवाय आधी सांगितलेले पुसून टाकण्याची यांना लाजही वाटत नाही. २०१८ च्या भागाच्या शेवटी डायनासोर मानवी वस्तीत मोकळे सुटले, आता माणसाला त्यांच्यासोबत जगावे लागणार असे आम्हाला सांगितले गेले. आणि २०२५ च्या भागात सुरुवातीलाच कळते की हवामान न मानवल्याने ते बहुतेक ठिकाणी मेले असून आता विषुववृत्ताजवळच उरले आहेत. (टर्मिनेटर या दुसऱ्या चित्रपटमालिकेने तर २०१९ मध्ये स्वतःचेच २००३, २००९ आणि २०१५ चे तिन्ही भाग जमेस धरले नाहीत. त्या तिन्हींची तिकिटे मी पैसे मोजून काढली होती.)

पण माझा खरा राग २०२२ च्या भागावर आहे. तो ऐन पेरणीच्या तोंडावर, जूनमध्ये आला. त्यात एक कंपनी प्रयोगशाळेत राक्षसी टोळ तयार करते, आणि ते टोळ त्या कंपनीच्या बियाण्याचे पीक सोडून बाकी सगळे शेत फस्त करतात. खानदेशातल्या माणसाला यापेक्षा जवळची विज्ञानकथा कोणती असेल? २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार व्हावे म्हणून जनुक बदललेल्या कापसाला, परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे वाटले होते, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने तेच बीटी पचवून महाराष्ट्रातली कपाशी उद्ध्वस्त केली. बियाणे कोणाच्या हातात आहे, कीड किती हंगामांत औषधाला पुरून उरते, शेतकऱ्याने दर वर्षी पाकीट विकतच घ्यायचे का, हे सगळे त्या कथेत आयतेच होते. चित्रपटकर्त्यांनी ते हातात घेतले आणि मोटारसायकलच्या पाठलागासाठी टाकून दिले. शेवटी एक बदल केलेला टोळ सोडला की संपूर्ण टोळधाड आवरते. आमच्याकडे एक अळी आवरायला इतकी वर्षे लागली आणि ती अजूनही आवरलेली नाही.

त्या दिवशी एरंडोलचे मामा सोबत होते. २०१७ मध्ये त्यांनी उभी कपाशी उपटून टाकली होती, त्यामुळे बियाण्याचा विषय निघताच ते खुर्चीत सावरून बसले. चित्रपट संपल्यावर बसस्थानकापर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले की त्या कंपनीच्या बियाण्याचे पुढे काय झाले. कंपनीचा प्रमुख डायनासोरच्या तोंडी गेला, यापलीकडे त्यांना सांगण्यासारखे त्या चित्रपटात काहीही नव्हते.